कंडक्टरांचा जास्तीचा आकडा

वजनमापे खात्यात मी तीस वर्षं काढली. दुकानदाराने तराजूला बोट लावलं तर मला रस्त्याच्या पलीकडून दिसायचं. निवृत्त झालो आणि चर्चच्या मंडळींनी मला सेक्रेटरी करून टाकलं. बायको म्हणाली, आता तुम्ही देवालाही तराजूत बसवाल. तिचं तरी काय चुकलं म्हणा.

आमचं चर्च छोटं. बाहेर बावीस पायऱ्या, आत बाकांच्या दोन रांगा, आणि रविवारी त्या बाकांवर माणसांपेक्षा धूळच जास्त. तरुण कामापायी दूर गेले, म्हातारे गुडघ्यांपायी घरी बसले आणि उरलेल्यांना रविवारची झोप गोड लागायची. अखेर वरिष्ठ मंडळाचं पत्र आलं. तीन महिन्यांची हजेरी कळवा. उपासनेला सरासरी पन्नास माणसं नसतील तर चर्चला कुलूप लावू, तुम्ही पुलापलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये जा. याच चर्चमध्ये माझं लग्न लागलं, इथूनच आईला शेवटचा निरोप दिला.

हजेरी मोजायचं काम कंडक्टरांकडे होतं. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, उंच, जरा वाकलेले, एकटेच राहणारे गृहस्थ. अकरा वर्षं दर रविवारी ते दाराशी उभे राहायचे. पहिलं गीत संपलं की मधल्या वाटेने मागून पुढे एक फेरी मारायचे आणि खिशातल्या वहीत टिपून ठेवायचे. बसायचे कधीच नाहीत. एवढी बाकं ओस पडली असताना यांचं आपलं उभ्याने चाललंय, असं म्हणून आम्ही हसायचो.

पत्रामुळे ती वही माझ्या हाती आली. त्रेपन्न, एक्कावन्न, चोपन्न. माझं टाळकंच सटकलं. मला तर कधी चाळीस दिसले नव्हते! पुढच्या रविवारी मी गुपचूप मोजले. चौतीस. संध्याकाळी वहीत बघतो तर त्रेपन्न. देवाच्या दारात मापात पाप? त्याच्या पुढच्या रविवारी उपासना संपताच मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, माझी फेरी अजून संपलेली नाही. दुपारी मोकळे आहात का?"

गेलो. रंगेहाथ पकडायचं म्हणूनच गेलो.

आधी इस्पितळाच्या मागच्या दाराशी थांबलो. एक नर्स धावत बाहेर आली. सहा वर्षं तिला रविवारचीच ड्युटी लागत होती. चादरींच्या ढकलगाडीशेजारी उभं राहून कंडक्टरांनी त्या दिवशीचं वचन वाचलं, उपदेशाचं सार सांगितलं, दोघांनी मिनिटभर डोळे मिटले आणि ती परत पळाली. मग एक म्हातारे सुतार. त्यांना ऐकू येत नाही. काहीच कळत नसताना पुतळ्यासारखं बसायची लाज वाटायची म्हणून ते यायचे बंद झाले होते. त्यांच्यासाठी कंडक्टरांनी सगळा उपदेश मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यांवर लिहून आणला होता.

तिसरं घर तळमजल्यावर. दार उघडणाऱ्या बाईंनी मला पाहिलं आणि त्या एक पाऊल मागे सरल्या. आत त्यांची वीस-बावीस वर्षांची लेक. तिला बोलता येत नाही, मधूनच मोठ्याने ओरडते. मला झटकन आठवलं. ही मुलगी प्रार्थनेत ओरडली की मी मान वळवून बघायचो. कसा, ते मी तपासलेल्या दुकानदारांना विचारा. चर्चमध्ये येऊ नका असं या मायलेकींना कुणी म्हटलं नव्हतं. माझं बघणंच पुरलं होतं. मला दरदरून घाम फुटला. बाईंनी पाणी आणून दिलं, आणि मुलीने प्रार्थना संपेपर्यंत कंडक्टरांचा अंगठा सोडला नाही.

अंधार पडेतो एकोणीस माणसं झाली. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं होतं: पायऱ्या, ड्युटी, कान. एका नोंदीपुढे नुसतंच 'लाजते'. आमच्या कमिटीने माणसं का घटली यावर आठ वर्षं चर्चा झोडली. नवा गालिचा आणू, उपासनेनंतर चहा ठेवू, गिटार वाजवू. एकाही माईच्या लालाने कुणाच्या दारी जाऊन विचारलं नव्हतं. या माणसाने ते गाजावाजा न करता अकरा वर्षं केलं होतं. आयुष्यात इतका मोठा माणूस मी इतक्या जवळून पाहिला नव्हता, आणि तो दर रविवारी माझ्यासाठी दार धरून उभा असायचा.

मी वरिष्ठांना खरं ते कळवलं. आत चौतीस, बाहेर एकोणीस. उत्तर आलं: बाहेरचे धरता येणार नाहीत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दाराच्या आत पन्नास हवेत, नाहीतर कुलूप. मी धावत कंडक्टरांकडे गेलो. म्हटलं, एकाच रविवारचा प्रश्न आहे, एकोणीसच्या एकोणीस आणू, गाड्या मी पाठवतो. त्यांनी साफ नकार दिला.

"आकड्यासाठी बोलावलं तरी येतील, साहेब. पण मग पुढच्या रविवारी मी कुठल्या तोंडाने दार वाजवू?"

तो रविवार उजाडला. कुणावर विसंबायला नको म्हणून मी स्वतः दोनदा मोजले. दोन्ही वेळा चौतीस. पाळकसाहेब डोकं धरून बसले. मी घरी आलो आणि न जेवता आडवा झालो. चारला त्या नर्सचा फोन आला. कंडक्टरकाका आज आले नाहीत, बरे आहेत ना, असं ती विचारत होती.

सकाळी ते दाराशी होते का? मला आठवेना. पाळकसाहेबांना फोन केला, त्यांनाही आठवेना. आम्ही चौतीस जण त्या रिकाम्या दारातून आत गेलो, बाहेर आलो, आणि दोनदा माणसं मोजणाऱ्या मला एक माणूस कमी असल्याचा पत्ता नव्हता.

धावत चर्चवर गेलो. पायऱ्यांवर सुतारबुवा कठडा धरून चढत होते. मागे त्या बाई, लेकीचा हात धरून. एका आजींना दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. सगळ्यांचा एकच प्रश्न, कंडक्टर कुठे आहेत. एकमेकांना धड न ओळखणारी सतरा माणसं येऊन बाकांवर बसली. तेवढ्यात ड्युटी संपवून थेट त्यांच्या घरी गेलेल्या नर्सने तिथून फोन केला. ते पहाटे न्हाणीघरात घसरले होते, पाय सुजलाय, पण हाड मोडलेलं नाही. पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे उपासना सुरू केली. प्रार्थनेत ती मुलगी मोठ्याने ओरडली. मी मान वळवली नाही. डोळे मिटून मी रडत होतो.

मग कंडक्टरांची खोली गाठली. चौथा मजला, एक खाट, उशीवर ठेवलेला पाय. सगळं ऐकून त्यांनी बोटांवर हिशोब केला.

"सतरा आले? म्हणजे सकाळचे धरून एक्कावन्न, साहेब. दाराच्या आत."

मी त्यांची वही मागून घेतली. "बावन्न."

"मी कुठे होतो तिथे? आणि कंडक्टरला माणसांत मोजत नाहीत."

मी बावन्न लिहिलं आणि खाली सही ठोकली. वरिष्ठांना तपासायचं असेल तर त्यांनी चार मजले चढून यावं.