दसऱ्याला बंद पडलेला काँप्युटर

दसऱ्याच्या सकाळी सुनेनं काँप्युटरचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. डब्यातले दिवे लागले, पंख्यांचा आवाज आला, पण समोर काही उमटेना. मग आतून एक लांब शिट्टी आली आणि तिच्यामागून तुटक तुटक दोन-तीन. तिनं बटण दाबून धरलं, बंद केलं, परत लावलं. परत तीच शिट्टी.

मी दाराला झेंडूचं तोरण बांधत होते. तिचं तोंड बघितलं आणि तोरण स्टुलावर टाकून आत आले.

"काय झालं?"

"चालूच होईना, आत्या."

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. ही माझी एकुलती एक सून. मुलगा टुरिस्ट गाडी चालवतो. त्या दिवशी तो पाहुणे घेऊन वेरूळला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. घरात ती, मी आणि माझा नवरा, आम्ही तिघंच होतो.

सुनेचं काम मला आधी कळत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. बघून बघून कळलं. बिल्डरकडं नुसती मोकळी जमीन असते. ही काँप्युटरवर तिथं इमारत उभी करते आणि तिची फिल्म करते. बघणारा फाटकातून आत शिरतो, जिना चढतो, खोल्या बघतो, गच्चीवर जातो. चिकलठाण्याच्या पलीकडं एका बिल्डरची अशी इमारत व्हायची होती. दसऱ्याच्या मुहूर्तावर संध्याकाळी पाचला मंडपात लोक बोलावून तो ती फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार होता. त्यानं आधीच बजावलं होतं, "मॅडम, वेळेवर आली तर बाजूच्या दोन इमारतींचं काम पण तुमचं. नाय आली तर पुण्याची माणसं बसलेलीच आहेत."

आधी ती एका ऑफिसात होती. काम ही करायची आणि नाव तिथल्या साहेबाचं लागायचं. ते सोडून तिनं स्वतःच्या नावानं घेतलेलं हे पहिलं काम होतं. ते गेलं असतं तर परत त्याच साहेबाच्या दारात उभं राहायची वेळ होती, आणि तो साहेब कसा बोलतो ते मी एकदा फोनवर ऐकलं होतं.

फिल्म पूर्ण झालेली नव्हती. इमारत तयार होती, पण तिची चित्रं काँप्युटर एकेक करून रंगवतो आणि त्याला तासन्‌तास लागतात. आदल्या दिवशी आणि रात्री ते काम चालू राहायला पाहिजे होतं. पण आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावत नाहीत. आमचं मूळ गाव बिडकीनजवळ. तिथं विळे, खुरपी, नांगर पुजायचे. इथं फ्लॅटमध्ये काय पुजणार? म्हाताऱ्यानं काँप्युटर पुजायचं ठरवलं. म्हातारा म्हणजे माझा नवरा.

"मामा, पूजा करा, पण बंद नका करायला लावू. उद्या पाचला द्यायचंय," सून म्हणाली होती.

"पोट भरतंय त्याच्यावर. एक दिस विसावा द्यायलाच पायजे."

मी म्हटलं, "तुमचा विळा माळ्यावर कधीचा गंजत पडलाय. त्याला द्या विसावा."

त्यानं ऐकलं नाही. ताटावरून उठायची धमकी दिली. सुनेनं काँप्युटर बंद केला.

आणि आता तो चालू होत नव्हता.

तिनं औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराला फोन लावला. काँप्युटर त्यानंच जुळवून दिला होता. मागं घंटा वाजत होती.

"ताई, आज दसरा हाय. दुकानाची पूजा चाललीय, पोरं सुट्टीवर हायेत. शिट्टी कशी येतीय?"

तिनं सांगितलं.

"मग ग्राफिक कार्ड धरत नाय. वायर काढा, कार्ड उपसा, पुसा, परत बसवा. कट् असा आवाज आला पायजे. नाय झालं तर परवा घेऊन या."

"परवा आणून काय करू?" ती म्हणाली, पण त्यानं फोन ठेवला होता.

तिनं वायर काढली, डबा आडवा केला आणि बाजूची काच काढली. मी बॅटरीचा उजेड धरला. आत विटेएवढा एक काळा ठोकळा आडवा बसवलेला होता, त्याच्या अंगावर दोन पंखे. हेच ते कार्ड. पडद्यावर जे दिसतं ते सगळं हे काढतं, असं ती मागं म्हणाली होती. त्या ठोकळ्यावर हळदी-कुंकवाची बोटं उमटलेली होती. ओल्या हाताची, चांगली दाबून उमटवलेली. तिनं ठोकळा उपसला. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते खाचेत बसतात. एका बाजूचे दात पिवळे झाले होते. हळदीचं पाणी ओघळून खाचेपर्यंत गेलं होतं.

"मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही आत हात घातला होता?"

म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला होता. "तूच तर काच काढून दावलं. ह्योच सगळं काम करतो म्हनलीस."

"दाखवलं. लावा कुठं म्हटलं?"

आदल्या दिवशी पूजेच्या वेळी ती नैवेद्याचं बघायला स्वयंपाकघरात आली होती तेवढ्यात यानं उरकलं होतं.

"कुंकू धारेला लावतात, मुठीला नाय," म्हातारा म्हणाला. "आमच्या बापानं तसंच लावलं. डब्याला लावून काय उपेग?"

"लावलं ना धारेला? आता कापा काय कापायचं ते," मी म्हटलं.

"तू गप. पूजेनं कुठं यंत्र बिघडतं व्हय?"

सुनेला भांडायला वेळ नव्हता. तिनं खोडरबरानं ते दात घासले. खाच कोरड्या ब्रशनं झाडली, फुंकर मारली, परत झाडली. ठोकळा बसवला. कट् आवाज आला. म्हाताऱ्यानं दाबून कुंकू लावताना तो एका अंगाला कलला असणार, असं ती मला म्हणाली. मग बटण दाबलं. आम्ही तिघंही पडद्याकडं बघत होतो. शिट्टी आली नाही. पडदा उजळला.

"बघा," म्हातारा म्हणाला, जसं काही यानंच लावलं.

तिनं फिल्मचं काम चालू केलं. फाटक रंगवून झालं, अंगण झालं. मी कणीक मळायला गेले. पहिली पोळी तव्यावर टाकली तोच बाहेरून ती ओरडली. पडद्यावर रंगीबेरंगी पट्टे आले होते, लुगड्याच्या काठासारखे, आणि लगेच सगळं काळं. काँप्युटर आपोआप परत चालू झाला. तिनं काम परत लावलं. थोडा वेळ चाललं आणि परत पट्टे, परत काळं.

आता ती घाबरली. चालू होत नव्हता तेव्हा घाबरली नव्हती एवढी आता घाबरली. नख दाताखाली धरून पडद्याच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं कार्डाचा ताप दिसतो. आकडा वर वर चढत होता.

"तापतंय, आत्या. तापलं की जीव सोडतंय. काल-परवापर्यंत तापत नव्हतं."

तिनं काच परत काढली आणि काम चालू ठेवून आत वाकून बघितलं. कार्डाच्या दोन पंख्यांपैकी एक गरगर फिरत होता. दुसरा जागचा हलत नव्हता. तिनं घाईनं बंद केलं आणि मला बॅटरी जवळ आणायला सांगितली. पंख्याचं पातं आणि त्याच्या कडेचं कडं यांच्यामध्ये तांदळाचा दाणा रुतला होता. कुंकवात भिजवलेला, लाल. अक्षतेचा.

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

भुवया कोरायच्या चिमट्यानं तिनं दाणा काढला. बोटानं पंखा फिरवला, तो मोकळा फिरला. पण वीज दिल्यावर फिरेना. अडकल्या अडकल्या जोर लावून त्याची मोटर जळून गेली होती. दुकानदाराला परत फोन केला. तो म्हणाला, "पंखा बदलावा लागंल. आज मिळायचा नाय. आणि ताई, हळद-कुंकू सगळं पुसून आणा. तसलं काय दिसलं तर कंपनी वॉरंटीत हात बी लावणार नाय."

बारा वाजून गेले होते. अर्धी फिल्मसुद्धा झाली नव्हती.

ती जमिनीवर बसली. मला वाटलं आता रडते. रडली असती तर मी रागावले असते, कारण वेळ नव्हता. पण ती हिशेब करत होती. उठली आणि म्हणाली, "तुकड्या-तुकड्यानं करते. एक खोली करायची, थंड होऊ द्यायचं, मग दुसरी. बाहेरून वारा पाहिजे. टेबलफॅन कुठंय?"

टेबलफॅन होता, पण त्याची मान मोडलेली. सोडला की खाली बघतो. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "सदरा काढा. इथं बसा आणि याची मान धरा. वारा त्या ठोकळ्यावर पडला पाहिजे."

"मला शमीच्या पूजेला जायचंय."

"शमी कुठं पळून जात नाय. बसा."

तो बसला. दोन्ही हातांनी फॅनची मान धरून बसला. हात भरून आला की कुरकुर करायचा. वारा जरा हलला की सून आकडा वाचायची आणि तो परत नीट धरायचा. असं दुपारभर चाललं. दिवाणखाना झाला, दोन खोल्या झाल्या, स्वयंपाकघर झालं. मधे मधे ती सगळं थांबवायची आणि आकडा खाली यायची वाट बघायची. ते थांबणं सगळ्यात वाईट. करायला काही नसायचं आणि भिंतीवरचं घड्याळ चालूच. लाइट गेली असती तर सगळंच संपलं असतं. सून आणि मी पोळीचा घास हातात घेऊनच वावरत होतो, म्हाताऱ्याला मी भरवत होते.

जिना झाला तेव्हा चार वाजायला आले होते. फक्त गच्ची राहिली होती. गच्चीचा तुकडा सगळ्यात जड, असं ती म्हणाली, कारण तिथं झाडं होती, पाणी होतं आणि लांबवर डोंगर दिसत होते.

तेवढ्यात शेजारीण आली. आपट्याची पानं घेऊन, रेशमी साडीत घामाघूम. मी दारातच सोनं घ्यायला गेले, पण ती माझ्या काखेखालून आत.

"अगं बया, दादा फॅन धरून काय बसलेत? उपास-तापास हाय का काय?"

"काम चाललंय," मी म्हटलं. "बसू नका आता, नंतर या."

"सणाच्या दिवशी दारातून लावता व्हय? सोनं घ्या दादा, पाया पडते."

ती पाया पडायला वाकली. म्हाताऱ्यानं आशीर्वाद द्यायला एक हात सोडला. फॅनची मान पडली. शेजारणीनं ती स्वतःच उचलली आणि आपल्या तोंडाकडं केली. "लई उकडतंय बाई," म्हणाली.

सून ओरडली, "काकू, फॅन!" पण तोवर पट्टे आले होते. मग काळं.

शेजारणीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, पानं टेबलावर ठेवली आणि गेली.

काँप्युटर परत चालू झाला. आधीचे तुकडे शाबूत होते, गच्ची सगळी गेली होती. सुनेनं घड्याळ बघितलं. गच्ची परत करायला वेळ नव्हता. मी विचारलं, "आता?"

"गच्ची काढून टाकते," ती म्हणाली. "जिना चढून दार उघडतं तिथंच संपवते."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"विचारू दे."

तिनं तुकडे जोडले, पेनड्राइव्हवर घेतले, केसांना पाणी लावलं आणि स्कूटी काढली. धड जेवण केलं नव्हतं. दसऱ्याची जालना रोडची गर्दी मला माहीत आहे. ती गेल्यावर मी कामं केली, पण एकही धड झालं नाही. म्हातारा फॅनजवळच बसून होता. फॅन बंद होता तरी मान धरलेली होती.

सहा वाजून गेल्यावर फोन आला. मागं लाउडस्पीकर वाजत होता.

"आत्या, पोचले वेळेत. लावली त्यांनी."

"मग?"

"बिल्डरनं सगळ्यांसमोर माइकवर विचारलं, मॅडम, गच्ची कुठंय? मी म्हटलं, गच्ची बघायला लोकांनी जिना चढून यावं. लोक हसले. तोही हसला."

"हसला ते राहू दे. काम दिलं का?"

"दोन्ही इमारती दिल्या. पण ही फिल्म उद्या सकाळी दहाला परत लावायचीय, गच्ची जोडून. मी हो म्हटलंय."

"पंखा नाय तुझ्या कार्डाला."

"माहितीय. येते मी. ताट वाढून ठेवा."

मी फोन ठेवला. म्हातारा उठून सदरा घालत होता, शमीला जायला. बटणं लावून झाली होती.

"काढा तो," मी म्हटलं, "आणि पोटभर जेवून घ्या. गच्ची लई जड असती."