तोंडवलीच्या बनापाशी खाली येणारी काच

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. ओरोसला माझं छोटं दुकान आहे. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला परवडतच नाही. 'हॉर्न आपोआप वाजता, गाडीक बाधा झाली' म्हणत गिऱ्हाईक येतं... मी रिले बदलतो, बाधा जाते. तरीही हे लिहितोय, कारण घरात कोणाला सांगायची हिंमत नाही.

माझी मोठी बहीण तोंडवलीला दिलेली. भावोजी रापणीवर होते, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांत. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा ताई पन्नाशीत गाडी शिकली. जुनी गाडी घेतली आणि त्यांना व्यायामासाठी ओरोसला आणू लागली. परतताना सुरूच्या बनापाशी समुद्र दिसला की भावोजी डाव्या हाताने काच खाली करून रापणकरांना विचारायचे, "आज काय गावला रे?" बाकी बोलणं अडखळायचं, हे मात्र स्वच्छ यायचं.

दीड वर्षापूर्वी ते गेले.

गेल्या दिवाळीआधी मी एकदा ताईबरोबर तोंडवलीला चाललो होतो, भावोजींच्या सीटवर. बनापाशी तिने गाडी थांबवली, आणि माझ्या बाजूची काच सरसर खाली आली. मी बटणाला हातही लावला नव्हता.

"बटान चलणा नाय त्या बाजूचा," ताई म्हणाली.

"शॉर्ट असतला. करून देतंय मी."

"राहूंदे रे. माका काय त्रास नाय."

दोनेक मिनिटांनी काच वर गेली, ताईने गाडी चालू केली. मला वाटलं, तिच्या बाजूच्या बटणाने घेतली असेल. आणि 'राहूंदे' म्हणजे भावाला तोशीस नको — आमच्या ताईचा स्वभावच तसा.

भाऊबीजेला गेलो तो हत्यारं आणि एक नवी मोटर घेऊनच. ती स्वयंपाकघरात असताना दाराचा पॅड उघडला. मोटरचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, खाऱ्या हवेने हिरवा पडून गळून पडलेला. मोटर थेट बॅटरीवर लावून बघितली, हूं की चूं नाही. अशी मोटर काच जागच्या जागी धरून ठेवते... खालीही सोडत नाही, वर नेणं तर दूरच. मग मी परवा बघितलं ते काय? पण सणाचा दिवस, हातात नवी मोटर. मी विचार केलाच नाही. बसवली, ताईला बोलावून बटण दाबून दाखवलं. 'हीच तुझी ओवाळणी' म्हणालो. ती बघत राहिली, मग हसली आणि मला ओवाळलं.

आठवड्याने ती दुकानात आली.

"काच खाली येणा नाय रे."

"बटान दाबलंस?"

"बटान दाबून नको माका."

मग स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. भावोजी गेल्यापासून ती रोज संध्याकाळी बनापर्यंत गाडी न्यायची, आणि थांबली की काच खाली यायची. ती दिवसभराचं काय ते बोलायची. बोलून झालं की काच वर जायची. "तुका सांगूक व्हया होता," एवढंच म्हणाली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

भंगारातून जुनी मोटर शोधली. तोच सडका कपलर, तेच गंजके स्क्रू, होतं तसं परत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक दुरुस्ती उलटी केली. दोघं मिळून तोंडवलीला गेलो. या वेळी मी मागे बसलो, पुढची सीट मोकळी ठेवली. बनापाशी थांबलो. समोर रापण ओढत होते. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत काचेकडे बघत होती. पाऊण तास बसलो आम्ही. काच तसूभरही हलली नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, भावोजी, चूक माझी, तिचो काय दोष?

"चल," शेवटी ती म्हणाली. "तू बऱ्यासाठीच केलंस."

मेलेली मोटर वर्षभर काच कशी चालवत होती, मला माहीत नाही. माझ्याहून जाणत्या दोन मिस्त्रींनाही विचारलं, ते हसले. मीही हसलो असतो. पण त्यानंतर दोनदा ताईच्या गाडीत बसलो. बन आलं की ती आता वेग कमी करत नाही, आणि मान डावीकडे वळवत नाही.