छोट्या गाडीनं, लांबच्या वाटेनं

"साधी गाठ होती. काढली, विषय संपला. घरी जा, बाई," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी खुर्चीतच बसून राहिले. भाऊ सोबत होता, त्यानं मला हाताला धरून उठवलं. बाहेरच्या व्हरांड्यात आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मला मात्र रडू आलं नाही. मला भूक लागली. इतकी की दवाखान्यासमोरच्या गाड्यावर मी उभ्याउभ्या आलूबोंडे खाल्ले, तर्री मागून घेऊन खाल्ले, आणि भाऊ माझ्याकडे पाहत राहिला.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आम्ही भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. नवरा कारखान्यात होता, मी जवळच्या शाळेत शिक्षिका. दिवाळीनंतर छातीत गाठ लागली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. मुलीला सासूबाईंकडे सोपवलं आणि मी भावाकडे येऊन राहिले. गाठ काढली, तपासणीला गेली, आणि मग नुसती वाट पाहणं सुरू झालं.

भावाचं घर इतवारी स्टेशनच्या मागच्या अंगाला होतं. वहिनी रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायची आणि माझ्याकडे न पाहता म्हणायची, "सगळं बरंच होईल." रात्र कशीबशी जायची. पहाटे छोट्या लाईनची गाडी शिट्टी द्यायची. ती शिट्टी बारीक होती, मोठ्या गाडीसारखी अंगावर येणारी नव्हती. ती ऐकली की वाटायचं, चला, आणखी एक रात्र सरली. ही गाडी उमरेडवरून नागभीडला जाते एवढं मला माहीत होतं, पण मी तिच्यात कधी बसले नव्हते. भद्रावतीला जायला कोण त्या गाडीत बसणार? मोठ्या लाईननं दोन-तीन तासांत गावच्या भांदक स्टेशनला उतरलं की झालं.

"चाल, तुले स्टेशनवर सोडतो," भाऊ म्हणाला. "दुपारची गाडी भेटन. संध्याकाळी घरी."

मला एकदम जाणवलं, मला घरी जायचं आहे पण आज नाही. घरी गेले की शेजारणी येतील, सासूबाई दृष्ट काढतील, शाळा सुरू होईल, आणि हे जे काही माझ्या आत सुटलं होतं ते पुन्हा कामाच्या खाली जाईल. मला ते थोडे दिवस मोकळं ठेवायचं होतं.

"मी उद्या छोट्या गाडीनं जातो," मी म्हटलं. आमच्याकडे बाया "जातो"च म्हणतात, आणि चंद्रपूर म्हणजे अजून चांदाच. "नागभीडले उतरीन, मग सिंदेवाही, मूल, मग चांदा. जसं जमन तसं."

"त्या गाडीनं? एकटी? काऊन?"

"असंच."

भावानं वाद घातला नाही. आपली बहीण सुखरूप आहे यातच तो इतका खूश होता की मी चालत जाते म्हटलं असतं तरी त्यानं हो म्हटलं असतं. आम्ही तारघरात गेलो. मी नवऱ्याला तार लिहिली: गाठ साधी, काळजी नाही, छोट्या गाडीने फिरत येते.

तारबाबूनं ती वाचून वर पाहिलं. "फिरत येते? बाई, हे तारेत बसते, पन समजन का कोनाले?"

"समजन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं मला खिडकीजवळ बसवून दिलं. डबा इतका अरुंद होता की समोरच्या बाकावरच्या माणसांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत. कोळशाचं इंजिन होतं, धूर वळून खिडकीतून आत यायचा. गाडी उमरेडपर्यंत जेमतेम सायकलच्या वेगानं गेली आणि मला फार बरं वाटलं. पिशवीतलं पांघरूण मी टाक्यांच्या बाजूला धरून ठेवलं होतं, पण धक्का बसतच नव्हता.

भिवापूरला डब्यात मिरच्यांची पोती चढली. सगळा डबा शिंकू लागला आणि शिंकता शिंकता माणसं बोलू लागली. समोरची म्हातारी मघापासून माझ्याकडे पाहत होती.

"कुठी जाऊन राह्यली, बाई?"

"नागभीड. मग मूल, मग चांदा."

"मयतीले?"

"नाई हो."

"मंग लगन आहे?"

"नाई. असंच चालली."

तिला ते पटलं नाही. थोड्या वेळानं तिनं शेजारणीच्या कानात काही सांगितलं, आणि शेजारणीनं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. बहुतेक नवऱ्यानं टाकलेली असं म्हातारीनं ठरवलं असावं. पुढच्या स्टेशनवर एका पोरीकडून उकडलेले शिंगाडे घेऊन त्या बाईनं त्यातले अर्धे माझ्या ओटीत टाकले. मीही नाही म्हटलं नाही. शिंगाडे गरम होते.

नागभीडला माझी अध्यापिका विद्यालयातली मैत्रीण होती. तीही शिक्षिका, आईबरोबर राहायची. मी दारात उभी राहिले तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात धरून तिनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला मिठी मारली. मग घाबरून मागे सरकली. "टाके आहेत ना? दुखलं का?"

दुखलं होतं, थोडंसं. तरी चांगलं वाटलं.

तिच्याकडे मी एक दिवस जास्तीचा राहिले. ती शाळेत गेली की मी तिच्या आईबरोबर अंगणात उन्हात बसायचे. धान निघून गेलं होतं आणि त्याच शेतांच्या बांध्यांमध्ये लाखोळीची डाळ पेरलेली होती. निळ्या फुलांनी ती जमीन भरली होती. तिची आई कमी बोलायची. मला हवं तेच होतं.

वडसा माझ्या वाटेवर नव्हतं; तिथे जायचं ठरवलं ते मध्ये वैनगंगेचा पूल लागतो म्हणून. नदी पाहायची आणि उलट्या गाडीनं परत यायचं, एवढाच बेत होता. मैत्रीण स्टेशनवर सोडायला आली. डब्यात एक बाई आधीच बसली होती. चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू, पायाशी पत्र्याची पेटी. मी चढताच तिनं फक्त एवढंच विचारलं, "खिडकी पायजे का तुले?" आणि सरकून जागा दिली. मी एकटी का, कुठे, कोणाकडे, काही नाही. इतक्या प्रवासात अशी ती पहिलीच भेटली.

ती झाडीपट्टीच्या नाटकात काम करायची. मूळची नागपूरची. दिवाळी संपली की या भागात गावोगावी नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. ते सगळे महिने ती इकडेच असायची, एकटी, पेटी घेऊन. आधी नायिका करायची, आता नायिकेची आई करते म्हणाली. "आईचं बरं असते. नाचावं नाई लागत, आन रडलं की टाळ्या."

पूल आला. जानेवारीची नदी, वाळू जास्त आणि पाणी मधल्या पट्ट्यात. पुलावर गाडी आणखीच हळू झाली. मी खिडकीतून वाकून पाहत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दवाखान्यात न आलेलं रडं तिथे आलं. त्या बाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही विचारलं नाही. नदी संपल्यावर पदर पुढे केला. "कोळशाचं कसपट गेलं वाट्टे डोळ्यात. घे, पूस."

मग मीच तिला सगळं सांगितलं.

वडशाला उतरल्यावर ती म्हणाली, "परत जाऊन काय करशीन आत्ता? चाल, जेव. उद्याच्या गाडीनं जाय." मी गेले. एका धानाच्या गिरणीमागच्या घरात कंपनीचा मुक्काम होता. बायांची खोली वेगळी होती. बाया चुलीवर भात आणि तळ्यातल्या मासळीचं कालवण करत होत्या. कोणी नवीन माणूस आलं म्हणून तिथं काही बदललं नाही, एक ताट वाढलं फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या तयारीत असताना मागच्या अंगणात गोंधळ ऐकू आला. नव्या नाटकाची तालीम होती आणि प्रॉम्प्टर तापानं फणफणला होता. मालक डोक्याला हात लावून बसला होता. माझी नाटकवाली उभी राहिली आणि तिनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या बाई मास्तरीन आहेत. वाचतीन."

"मी?"

"पोराइले वाचून दाखवतेस ना? तसंच. फक्त जोऱ्यानं."

वही हातात आली आणि मी वाचू लागले. आधी हळू. मालक ओरडला, "बाई, मांडवाच्या मागच्या माणसाले ऐकू गेलं पायजे!" खलनायकाचं काम करणारा नट त्या दिवशी आला नव्हता, म्हणून त्याची वाक्यंही मलाच पूर्ण म्हणायची होती. गावच्या पाटलाचा उर्मट भाऊ होता तो. मी शाळेत मागच्या बाकावरच्या पोरांवर काढते तो आवाज काढला. "या घरातून मला कोण हाकलतो ते पाहतोच मी! आहे का कोणाची छाती?"

सगळे हसले. मीही हसले, टाक्यांना हात लावून. आणि पुढचं वाक्य घ्यायला वर पाहिलं तर अंगणाच्या फाटकात माझा नवरा उभा होता.

हातात पिशवी, दाढी वाढलेली, पायांवर रस्त्याची धूळ. तो आत आला नाही. फाटकाला धरून तिथेच खाली बसला.

मी वही टाकून धावले. "काऊन आले तुमी? पोरगी बरी आहे ना?"

"सगळे बरे आहेत," तो म्हणाला. "तुले पाहाले आलो."

झालं असं होतं की तार त्याला मिळाली होती आणि ती त्यानं पुन्हा पुन्हा वाचली होती. तार म्हटलं की त्या काळी आधीच छातीत धस्स व्हायचं. त्यात "फिरत येते". त्याला वाटलं, गाठ साधी असती तर बाई धावत घरी आली असती. फिरत येते म्हणजे काहीतरी वाईट निघालं, आणि ते सांगायची हिंमत होत नाही म्हणून ती वाट लांबवत चालली आहे. सुट्टी टाकून तो बसनं नागभीडला आला, कारण या लाईनवर ओळखीचं तेवढंच एक घर. मैत्रिणीनं त्याला सांगितलं की मी वडशाच्या गाडीत एका बाईशेजारी बसले, आणि त्या बाईला तिनं गावच्या नाटकात पाहिलं होतं. ते ऐकून तर त्याचा जीव आणखीच उडाला. सकाळच्या पहिल्या बसनं तो वडशाला उतरला आणि नाटकवाले कुठे राहतात ते विचारत गिरणीपर्यंत आला.

"मंग भिंतीच्या मागून तुहा आवाज आला," तो म्हणाला. "कोनाले तरी झापून राह्यली होती. मी म्हटलं, आजारी मानसाचा आवाज असा नसते."

"मी लिहिलं होतं ना, साधी आहे म्हनून."

"लिहिलं होतं. पन मी मानलं नाई."

मी पिशवीतून दवाखान्याचा कागद काढू लागले. त्यानं माझा हात धरला. "राहू दे. मले नाई समजत त्यातलं. ऐकलं ना मी."

नाटकवालीनं त्याला पाणी दिलं, मग चहा, मग भात. तो जेवला आणि जेवता जेवता त्याचे डोळे मिटू लागले. दोन रात्री झोपला नव्हता. बाजेवर आडवा झाला तो दुपारपर्यंत घोरत पडला. अंगणात तालीम चालूच होती.

तो उठल्यावर मी म्हटलं, "चला, तुमच्यासंगच येतो बसनं."

तो चपला घालत होता. थांबून त्यानं अंगणाकडे पाहिलं. "काऊन? तुह्यं राह्यलंच ना अजून. सिंदेवाही, मूल." मग जरा ओशाळून म्हणाला, "मी आलो ते तुले न्यायले नाई. तू ये आरामात. मी सांगतो आईले."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले काय, लोक म्हनतेच." तो पिशवी उचलून निघाला. वळणावर जाऊन त्यानं मागे पाहिलं, हात केला, आणि बसस्टँडकडे गेला. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. पण मी त्याला इतक्या लांबून, असं पाठमोरं जाताना कधी नीट पाहिलं नव्हतं. चालताना तो एका खांद्यावर झुकतो हे मला तेव्हा कळलं.

रात्री नाटक होतं, शेजारच्या गावी. मी ते निम्मं झोपेतच पाहिलं. दुसऱ्या दिवशी नाटकवालीनं स्टेशनवर येऊन मला खिडकी मिळवून दिली. "होळीनंतर नागपूरले ये," म्हणाली. मी कधी गेले नाही आणि तीही कधी आली नाही. तिचा पदर मात्र मला कोळशाच्या वासासकट आठवतो.

पुढचे दोन दिवस मी अगदी एकटी होते आणि काहीच घडलं नाही. सिंदेवाहीला बाजाराचा दिवस होता. जंगलातल्या गावांतून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन आल्या होत्या आणि आपसांत गोंडीत बोलत होत्या. मी एकीकडून चारोळी घेतली. तिनं मूठभर वर टाकली आणि हसली. तिथल्या शाळेच्या एका बाईंनी ओळख नसताना मुक्कामाला ठेवून घेतलं. शिक्षिकेला शिक्षिकेचं घर मिळतं, हे त्या काळी खरं होतं. मूलला गाडी बराच वेळ थांबणार म्हणून मी पिशवी घेऊन उतरले आणि फलाटावरच्या बाकावर उन्हात टेकले. तांदळाच्या गिरणीचा संथ आवाज येत होता. मला झोप लागली. अशी झोप मला कित्येक आठवड्यांत लागली नव्हती.

जाग आली तेव्हा गाडी गेली होती. स्टेशनमास्तर समोर उभे होते, फार अपराधी चेहऱ्यानं. "बाई, तुमाले उठवाचं होतं. पन तुमी इतक्या गाढ झोपल्या होत्या, की हिंमत नाई झाली."

"बरं केलं," मी म्हटलं. उरलेली वाट मी एस.टी.नं केली, आधी चांद्यापर्यंत, मग भद्रावतीपर्यंत.

घरी पोचले तेव्हा सासूबाईंनी मला दाराबाहेरच थांबवून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. "सुकली नाई तू. उलट भरून आली." नवरा मागे उभा राहून हसत होता. बंब पेटवून त्यानं पाणी तापवलं होतं.

मी न्हाणीत गेले. इतके दिवस अंग धुताना मी त्या बाजूला हात लावत नव्हते, पाणी नुसतं वरून सोडत होते. त्या संध्याकाळी हात आपोआप गेला. बोटांना एक बारीक, खरखरीत शिवण लागली. तिच्या आजूबाजूला चाचपून पाहिलं. काही नव्हतं. पुन्हा पाहिलं. खरंच काही नव्हतं. मी गरम पाण्याचे तांबे एकामागून एक अंगावर घेत बसले.

"आई," बाहेरून मुलगी दार वाजवत ओरडली, "सगळं पानी संपवशीन काय?"