मांटाच्या पाठीवर आमचं यंत्र

गारखेड्यातून निघालो त्या सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आडवा उभा होता, म्हणून रिक्षा कोपऱ्यावरच थांबली. बॅगा मी उचलल्या. टॅगची पेटी मात्र बायकोनं, सुनंदानं, कुणाच्या हाती दिली नाही. चिकलठाण्यातल्या लहानशा वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं बोअरच्या पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बनवतो. नव्या वसाहती वाढताहेत, बोअर खोल चाललेत, आम्हाला उसंत नाही. हे सांगताना बरं वाटत नाही.

माझी कॉलेजातली मैत्रीण अनघा मालवणच्या समुद्रात मांटा माशांचा माग काढते. मांटा म्हणजे पाकटाच्या (चपट्या अंगाच्या माशाच्या) जातीतला अजस्र मासा. ते कुठं जातात हे कळलं, तर त्या वाटेवर जाळी लावू नका असं सांगता येईल. पण मासा कुठं, किती खोल जातो ते नोंदवायला त्याला लावायच्या तिच्या टॅगमध्ये खोलात पाणी शिरायचं. ते बंद करायचं काम आमच्याकडे आलं होतं.

मालवणला पोचल्यावर घावणे आणि नारळाचा रस खाऊन आम्ही होडीत बसलो. होडी बाबलकाकांची. त्यांनी विचारलं, "खयसून इलास?" (कुठून आलात?)

"संभाजीनगरहून."

"थंय दर्या नाय मा?" (तिथं समुद्र नाही ना?)

"दर्या कुठला, नळाला पाणी नाय," सुनंदा म्हणाली. काका खूप हसले. मी मात्र होडीच्या काठावर ओणवा होऊन घावणे परत करत होतो.

तीन टॅग दोरीला बांधून खोल सोडले. वर काढले तेव्हा दोनांत पाणी होतं. सुनंदाची मान खाली गेली. अनघा म्हणाली, "एक टिकला ना? एक पुरे."

दुसऱ्या दिवशी पहाटे काका आदल्या संध्याकाळी लावलेलं जाळं ओढायला गेले, आम्हीही बरोबर होतो. जाळं जड लागलं. पाण्याखाली होडीहून रुंद काळी सावली हलत होती. मांटाची मादी, दोन्ही पंख जाळ्यात गुरफटलेले.

"जिती आसा," काका म्हणाले. ते जाळं काकींनी सगळा पावसाळा बसून विणलेलं.

काकांनी कोयती काढली आणि स्वतःच जाळं कापायला घेतलं. शेवटचा पीळ सुटण्याआधी अनघानं लांब काठीनं टॅग पाठीत रोवला. सावली एकदा होडीखालून गेली आणि खाली उतरली.

"लई मोठं काळीज काकांचं," सुनंदा हळूच म्हणाली.

परतल्यावर आम्ही रोज वाट पाहिली. ठरलेल्या मुदतीनंतर टॅग मादीच्या पाठीवरून सुटून पाण्यावर आला आणि उपग्रहामार्फत बोलू लागला. मादी रोज खोल जात होती, रोज वर येत होती. शेवटची खूण लक्षद्वीपच्या जवळची होती. सुनंदा टेबलावर डोकं टेकून रडली.

मी काकांना फोन लावला. मादी लक्षद्वीपपर्यंत गेल्याचं सांगितलं.

ते म्हणाले, "लक्षद्वीप? मी अजून थंय पोचाक नाय." आणि लगेच काकींना हाक मारून, मोठ्या आवाजात, सगळं पहिल्यापासून सांगू लागले. फोन ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. मीही ठेवला नाही.