बांधावरची काळी शिंगं

प्रसेनजीत सर फारसे कुणाला आवडत नसत, आणि त्यांनाही फारसं कुणी आवडत नसे. जयसिंगपूरच्या स्टेशनवरल्या हमालाचा हा मुलगा कोल्हापुरात वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि विषय धरला तो सगळ्यांच्या पायाखालचा: मॉस, लिव्हरवर्ट, हॉर्नवर्ट. खरी मुळं नाहीत, फुलं नाहीत, बी नाही. हिरवाई पाण्यातून जमिनीवर आली तेव्हापासूनचं हे कूळ. पण अंग इतकं मऊ की दगडात ठसा सहसा राहत नाही, राहिलेच तर बीजाणू. वर्गात हे सांगताना सरांचा आवाज हक्क बुडवल्यासारखा चढे.

अठ्ठ्याण्णव साली शाहूवाडीकडं भाताच्या बांधावर त्यांना एक हॉर्नवर्ट दिसलं, चपट्या हिरव्या पापुद्र्यातून बारीक शिंगं वर काढलेलं, कुठल्याच वर्णनात न बसणारं. त्याला नाव द्यायचं तर पिकलेल्या शिंगातले बीजाणू हवेत. शिंगं मात्र दरवेळी हिरवीच हाती लागली.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर शिंगांची टोकं काळी पडलेली, म्हणजे पिकलेली दिसली. सर उकिडवे बसले आणि सुरीनं मातीची पातळ खपली उचलून कागदाच्या पुडीत ठेवू लागले.

"काय कोरताय, पावणं?"

मागं अलीकडच्या रानाचा मालक जोतीराम उभा होता, खांद्यावर कुदळ. पलीकडचं रान त्याच्या चुलतभावाचं, बाबासोचं. दरसाल बांध कोरून कोण कुणाच्या रानात घुसतो, एवढ्यावरनं दोघांचं बोलणं कधीचं तुटलेलं.

"झाड घेतोय. अभ्यासाला."

"कुठाय झाड? नुसती माती दिसत्या. बाबासोनं धाडलंय न्हवं?"

"मी कॉलेजात शिकवतो."

"मग लई शिकलेला गडी धरलाय की त्येनं. आडनाव काय म्हनायचं?"

हा प्रश्न सर शाळेपासून ओळखत होते. दोन शब्द समजुतीचे बोलले असते तर भागलं असतं. ते उठले.

"तुमच्या सात पिढ्यांच्या आधीपासून हे झाड आहे. तुम्ही दोघं मेल्यावरही इथंच राहील."

"असं व्हय?" म्हणत जोतीरामनं कुदळ घातली. बांधाची ती कड उलथली, काळी शिंगं मातीखाली गेली. सरांच्या हातातली पुडी ओढून त्यानं चिखलात झटकली.

कुदळीच्या आवाजानं बाबासो धावत आला. उलथलेल्या बांधाकडं बघून तो जोतीरामला म्हणाला, "ह्यो कोन?"

"कोन जानं. बांध कोरत हुता."

"मग बघतोस काय? हाण की."

सर निघाले. वळणावरून मागं पाहिलं तर दोघं भाऊ बांधाच्या दोन बाजूंनी उभे राहून उलथलेली माती पायानं चोपत होते. त्या वर्षी वर्गात फळ्यावर त्यांनी हॉर्नवर्ट काढलं. टोक हिरव्या खडूनं रंगवलं आणि नाव लिहायची जागा तशीच सोडली.