डोक्याच्या गोळ्या घेणारीचं कोण ऐकतं

मूल हवं होतं, म्हणून मी गोळी बदलून घेतली. माझा आजार मनाचा. कधी झोप नको, जेवण नको, सगळं जग मुठीत आल्यासारखं वाटायचं. तर कधी अंथरुणातून उठणंसुद्धा जिवावर यायचं. त्यासाठी मला फिट्सवर देतात तीच गोळी चालू होती आणि ती लागूही पडली होती. सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला रोज जात होते, कुणाशी न भांडता घरी येत होते. पण ती गोळी पोटातल्या बाळाला बाधते, असं सांगून डॉक्टरांनी दुसरी सुरू केली. तीही फिट्सवरचीच, थोडी थोडी वाढवत न्यायची. "अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी इकडे या," असं त्यांनी बजावलं. नवरा शेजारीच बसला होता.

पुरळ उठलं ते वळसंगला, सासरी जत्रेला गेलो असताना. आधी ताप आला, डोळे चुरचुरायला लागले, मग छातीवर लाल ठिपके. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. "देवी आली गं बाई घरात." लगेच दारावर कडुलिंबाचा पाला, घरात फोडणी बंद, मला कोपऱ्यातलं अंथरूण. देवी असताना दवाखाना नाही आणि औषधही नाही. म्हणजे गोळी थांबली. डॉक्टरांचं निम्मं सांगणं देवीनं आपसूक पार पाडलं, उरलेलं निम्मं मात्र राहिलं.

"आत्या, ही देवी न्हाय. गोळीनं झालंय. मला सोलापूरला न्या," मी सासूबाईंना आधी नीट म्हणाले, मग ओरडून. मी मुळातच फटकळ, त्यात अंगाची आग. ओरडले आणि तिथंच फसले.

"बघितलंस? गोळी बंद झाली की डोकं फिरलं," सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तिचं काय ऐकतूस?"

डोक्याच्या गोळ्या घेणारी बाई हळू बोलली तर औषध लागू पडलंय, मोठ्यानं बोलली तर आजार उलटलाय. ती खरं बोलत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "अवो, तुमी होता की तितं. डॉक्टर काय म्हणाले, सांगा की." तो सतरंजीचा दोरा उपसत बसला. आईसमोर त्याची वाचाच बसते. त्या वेळी मला त्याचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचाच आलेला नाही.

ओठ फुटले, तोंडात घोटभर पाणी घेता येईना. मग एका सकाळी सासूबाईंनी कडुलिंबाच्या पाण्यात फडकं बुडवून माझी पाठ पुसली आणि फडक्याबरोबर कातडीच निघून आली. त्या किंचाळल्या. तेव्हा कुठं जीप आली.

दवाखान्यात मला भाजलेल्या लोकांबरोबर ठेवलं होतं. वाचले. कातडी आली, डागांची. डोळ्यांत पाणी येईनासं झालंय, औषधाचे थेंब घालत राहावं लागतं. मन सांभाळायला पुन्हा ती जुनी गोळी. परवा डॉक्टर म्हणाले, "मुलासाठी दुसरी औषधं आहेत. सावकाश ठरवू." सासूबाईही बरोबर होत्या. मी काही विचारणार, तोच नवरा बोलला.

"आता काय बी बदलायचं न्हाय. मूल न्हाय झालं तर न्हाय. आई, तू मधी बोलू नगंस. हिला जगू दे."

आईसमोर एवढं बोलायला त्याला माझी कातडी निघावी लागली. आणि बोलला तेही मला न विचारता. मला मूल अजून हवं आहे.