पोपटाने काढलेली दोन चित्रं

कुंभकोणमच्या तलावाच्या पायऱ्यांवर पोपट घेऊन बसणारे ते ज्योतिषी आमच्यासारखेच तंजावरी मराठी. शुभ भविष्य ते मोठ्याने तमिळमध्ये सांगत. अशुभ चित्र निघालं, की ते पालथं घालून पोपटाला आणखी एक साळीचा दाणा देत आणि दुसरं काढायला लावत.

माझ्यासाठी मात्र त्यांनी दोन्ही चित्रं समोर ठेवली. एकात डोंगर उचललेला मारुती, दुसऱ्यात ओझ्याखाली गुडघे टेकलेला बैल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. एफ.ए.ची, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा, तीन घरच्या शिकवण्या आणि वकिलाकडच्या कागदांच्या नकला, सगळं एकदम चाललं होतं.

"तंबी, मारुती व्हायचंय ते बरं," तमिळमध्ये धाकट्या भावाला मारतात तशी हाक मारून ते हळूच मराठीत म्हणाले, "पण बैलाकडेही बघ. एक ओझं उतरव."

"तुमचा पोपट कुठल्या कॉलेजात शिकला?" मी मोठ्याने तमिळमध्ये विचारलं. भोवतालचे लोक हसले. त्यांनी चित्रं आवरली.

परीक्षेत मला उत्तरपत्रिकेवरच झोप लागली. नापास झाल्यावर मी तलावाची वाट टाळू लागलो. एके दिवशी बाजारात ते समोरच आले. मी टोमण्याची वाट पाहत उभा राहिलो.

"जेवलास का रे?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. खरं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मला त्यांची क्षमा मागायची होती.